हर्निया: ओपन, दुर्बीण की रोबो? दुखण्याची आणि बरं होण्याची तुलना नेमकी कशी करायची

"सर, आमच्या मेव्हण्याचं दुर्बिणीनं झालं, तिसऱ्या दिवशी गडी गाडीवर. आमचे आबा दहा दिवस झाले, अजून कण्हत्यात. डॉक्टरनं बनवलं काय आम्हाला?"

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत काम करणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याचा हा फोन. चार प्रश्न विचारल्यावर उलगडा झाला. मेव्हण्याचं पित्ताशय काढलं होतं, आबांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. मेव्हणा चौतीस वर्षांचा, आबा एकाहत्तर. आबांचा हर्निया दोन्ही बाजूंचा, त्यातला एक पुन्हा आलेला. म्हणजे म्हशीच्या दुधाची फॅट उसाच्या उताऱ्याशी ताडून बघायची आणि डेअरीवर संशय घ्यायचा, तसला प्रकार.

असे फोन मला येतात, कारण माझ्या अंगावर दोन्ही पद्धती झाल्यात. उजवी बाजू ओपन, सहा वर्षांनी डावी बाजू दुर्बिणीनं. मी डॉक्टर नाही, शाळामास्तर आहे. औषध आणि ऑपरेशनाबाबत शेवटचा शब्द तुमच्या सर्जनचाच. पण तुलना करताना माणसं कुठं घसरतात, ते मी बघितलंय. मी स्वतःही घसरलोय.

खाली लिहिलंय ते जांघेतल्या हर्नियापुरतं, म्हणजे स्नायूतल्या भोकातून आतडं किंवा चरबी बाहेर येऊन होणाऱ्या फुगवट्यापुरतं, आणि मोठ्या माणसांपुरतं. लहान मुलांचं ऑपरेशन वेगळं असतं, त्यात बहुधा जाळी, म्हणजे त्या भोकाला आधार म्हणून आत बसवायचं कृत्रिम जाळं, लागतच नाही. क्रम मात्र मोडू नका. बहुतेक जण थेट पॅकेजच्या आकड्यापासून सुरुवात करतात आणि तिथंच गणित चुकतं.

आधी हे: तुलना करत बसायची नाही अशी वेळ

फुगवटा एरवी झोपल्यावर आत जायचा, आज जात नाही. दगडासारखा कडक झालाय, हात लावू देत नाही, उलट्या होतायत, पोट फुगलंय, गॅस सरत नाही किंवा वरच्या कातडीचा रंग बदललाय. यातलं काहीही असेल तर आतडं अडकलेलं असू शकतं. लेख बंद करा आणि तडक दवाखाना गाठा. राधानगरी-गगनबावड्याकडच्या वाडीवरून यायचं असेल तर सकाळच्या एसटीची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. फुगवटा जोर लावून आत ढकलू नका, चोळू तर मुळीच नका.

यातलं काहीच नसेल, पुरुषाला त्रास अगदी किरकोळ असेल आणि डॉक्टरांनी तपासलेलं असेल, तर निवांत विचार करायला वेळ असतो. काही दिवस नुसतं लक्ष ठेवणं हाही मान्य मार्ग आहे. बायकांच्या बाबतीत तसं नाही. त्यांच्यात जांघेतला हर्निया मांडीच्या बाजूचा असण्याची आणि अडकण्याची शक्यता जास्त असते, त्यामुळे थांबून बघण्याचा सल्ला सहसा दिला जात नाही.

पायरी १: आपला हर्निया नेमका कोणता, ते कागदावर घ्या

"हर्निया आहे" एवढ्यावर कुठलीही तुलना होत नाही. तपासणीच्या दिवशीच या चार गोष्टी डॉक्टरांकडून लिहून घ्या.

१. एका बाजूचा की दोन्ही बाजूंचा?
२. पहिल्यांदाच झालाय की ऑपरेशननंतर परत आलाय? परत आलेला असेल तर आधीचं ऑपरेशन ओपन होतं की दुर्बिणीचं?
३. आकार केवढा? अंडकोशात उतरलाय का?
४. ओटीपोटात आधी काही ऑपरेशन झालंय का, विशेषतः प्रोस्टेटचं?

याची उत्तरं मिळाली की अर्धा निर्णय आपसूक होतो. दोन्ही बाजूंचा असेल तर दुर्बिणीचा फायदा ठळक, कारण त्याच तीन छिद्रांतून दोन्हीकडं जाळी बसते. ओपन होऊन परत आलेला असेल तर मागच्या बाजूनं, म्हणजे दुर्बिणीनं जाणं सोयीचं, कारण पुढची जागा आधीच्या टाक्यांनी चिकटलेली असते. दुर्बिणीनंतर परत आला तर उलटं, पुढून. प्रोस्टेटचं ऑपरेशन झालंय किंवा हर्निया फार मोठा होऊन अंडकोशात उतरलाय, तर बरेच सर्जन ओपनच सुचवतात. त्याला जुनाट डॉक्टर म्हणून नावं ठेवू नका.

*तपासा:* हायड्रोसीलला (अंडकोशात पाणी साठण्याला) हर्निया आणि हर्नियाला हायड्रोसील म्हणणारे आपल्याकडं ढीगभर. ज्याच्या अनुभवाशी तुलना करताय त्याचं नक्की काय झालं होतं, हे त्याच्या डिस्चार्ज कार्डावर वाचा. त्याच्या तोंडून ऐकलेलं धरू नका.

पायरी २: पद्धती ओळखा

*ओपन.* जांघेत काही सेंटिमीटरची एक चीर, स्नायूंच्या पुढच्या बाजूला जाळी. फाईलवर लिश्टेनस्टाइन असं नाव दिसेल. याचा एक मोठा गुण लोकांना माहीत नसतो: हे फक्त जागा बधिर करूनही करता येतं. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्या म्हाताऱ्या माणसाला पूर्ण भूल टळणं हा दोन दिवसांच्या दुखण्यापेक्षा मोठा फायदा असू शकतो.

*दुर्बीण.* तीन छोटी छिद्रं, जाळी स्नायूंच्या मागच्या बाजूला. याचे दोन प्रकार. टीएपीपीमध्ये पोटाच्या पोकळीत शिरून आतला पडदा उघडतात, जाळी ठेवतात आणि पडदा परत शिवतात. टीईपीमध्ये पोकळीत न शिरता पडदा आणि स्नायू यांच्यामधूनच काम होतं. दोन्हींना बहुधा पूर्ण भूल लागते. या दोहोंच्या दुखण्यात रुग्णाला जाणवावा असा फार फरक नसतो. सर्जनचा हात कशावर बसलाय ते महत्त्वाचं, त्यामुळे यावर डोकं शिणवू नका.

*रोबो.* ऑपरेशन जवळपास टीएपीपीच, फक्त अवजारं यंत्राच्या हातात आणि यंत्र सर्जनच्या हातात. साध्या जांघेतल्या हर्नियात रोबोमुळे साध्या दुर्बिणीपेक्षा दुखणं ठळकपणे कमी होतं, असं अजून दिसलेलं नाही. वेळ आणि खर्च मात्र वाढतो.

जाळी तिन्हींत असते. "दुर्बिणीचं केलं म्हणजे जाळी नको" हा गैरसमज मी स्टाफरूममध्येही ऐकलाय. आणि पाटीवर "लेझर" दिसलं म्हणून भुलू नका. जांघेतलं भोक लेझरनं बुजत नाही.

पायरी ३: दुखणं एक धरू नका, त्याचे तुकडे करा

सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. "दुखलं का?" या प्रश्नाला अर्थ नाही. कुठलं, कधी आणि काय करताना, हे विचारायचं.

*जखमेचं दुखणं.* पहिले तीन-चार दिवस. पडून राहिलं की थोडं, उठताना जास्त, खोकला आला की डोळ्यांत पाणी. दुर्बिणीत हे सर्वसाधारणपणे कमी असतं, हे खरं आहे.

*गॅसचं दुखणं.* दुर्बिणीसाठी पोट कार्बन डायऑक्साइडनं फुगवतात. तो श्वासाच्या पडद्याला डिवचतो आणि त्या पडद्याची नस मानेतून येत असल्यामुळे दुखतं मात्र खांद्यात. ऑपरेशन जांघेचं आणि कळ खांद्यात, म्हणून घाबरून रात्री अकराला डॉक्टरांना उठवणारा मीच होतो. साधारण दोन-तीन दिवसांत जातं, चालल्यानं बरं वाटतं. ओपनमध्ये हे नसतंच.

*भुलीचं दुखणं.* पूर्ण भुलीनंतर घसा खवखवतो, मळमळतं. मणक्यातल्या भुलीनंतर काहींचं डोकं दुखतं. उठून बसलं की वाढतं आणि आडवं झालं की उतरतं, ही त्याची खूण. असं झालं तर डॉक्टरांना कळवा. पद्धतींची तुलना करताना मात्र हे दुखणं ऑपरेशनच्या नावावर मांडू नका, ते भुलीचं आहे.

*रेंगाळणारं दुखणं.* तीन महिन्यांनंतरही टिकलेलं. खरी तुलना याची व्हायला हवी आणि हेच कुणी विचारत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या हर्नियाच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत अशा लक्षणीय दुखण्याचं प्रमाण १० ते १२ टक्के दिलंय. ते काळानुसार कमी होत जातं. रोजच्या कामात अडथळा आणण्याइतकं तीव्र दुखणं ०.५ ते ६ टक्क्यांत राहतं. जांघेतून जाणाऱ्या बारीक नसा दुखावणं हे त्यामागचं एक कारण. ओपनमध्ये या नसा थेट सर्जनच्या हाताखाली येतात, मागून जाळी बसवताना त्यांच्याशी संबंध कमी येतो. म्हणून या बाबतीतही दुर्बिणीचं पारडं जड, पण अट एकच: हात सरावलेला हवा.

*सावधान:* पहिल्या तीन दिवसांवरून पद्धत निवडाल तर तीन दिवसांचाच फायदा बघाल. जाळी जन्मभर आत राहणार आहे.

पायरी ४: "बरं होणं" म्हणजे काय, ते तुमच्या कामातून लिहा

सर्जन म्हणतात, "आठवड्यात नॉर्मल व्हाल." त्यांचं नॉर्मल म्हणजे चालणं, जेवणं, आंघोळ. तुमचं काय? कागदावर पाच कामं लिहा आणि प्रत्येकापुढं "कितव्या दिवशी?" असा प्रश्न टाका. माझ्या ओळखीतल्या तिघांच्या याद्यांतल्या ओळी देतो:

दूध घालणारा: चाळीस लिटरचा कॅन उचलून गाडीला अडकवणं.
चप्पल कारागीर: दिवसभर मांडी घालून बसणं, ओणवं होऊन चामडं कापणं.
तालमीतला पोरगा: जोर-बैठका कधी, मातीत कधी?

माझ्या यादीत होतं फळ्यावर तास घेणं, स्कूटर मुख्य स्टँडवर लावणं आणि रंकाळ्याला एक फेरी. स्कूटर स्टँडवर लावणं हे दिसतं किरकोळ, पण सगळा ताण जांघेवर येतो. ते मला जमलं सगळ्यात शेवटी.

गुंतागुंत नसेल तर विनाकारण महिनोन्‌महिने जपत बसायची गरज नाही. दुखणं सांगेल तसं हळूहळू रोजच्या कामाला लागावं, असं हल्ली सांगितलं जातं. ओझं उचलण्याबाबत मात्र सर्जनागणिक सल्ला बदलतो. म्हणून "जड उचलू नका" यावर समाधान मानू नका. "पाच किलोची पिशवी कधी, गॅसचा सिलिंडर कधी, भरलेला कॅन कधी?" असं किलोत विचारा. गाडीचंही तसंच. गतिरोधकावर हादरा बसल्यावर आणि अचानक ब्रेक दाबल्यावर कळ येत नाही, अशी खात्री झाल्यावरच.

*नेहमीची चूक:* रजेचे दिवस मोजणं. माझ्या पहिल्या ऑपरेशनची रजा एकवीस दिवस, दुसऱ्याची बारा. मी सगळ्यांना हेच आकडे सांगत फिरायचो. एकदा बायकोनं जेवताना मध्येच तोडलं, "दुसरं दिवाळीच्या सुट्टीला लागून केलं होतं, ते दिवस कुठं धरले? आणि पहिल्या वेळी चौथ्या दिवशी शाळेत निघाला होतात, मी दारात आडवी उभी राहिले म्हणून थांबलात." रजेचे अर्ज काढून बघितले, तिचंच खरं.

पायरी ५: सर्जनला विचारायचे प्रश्न

भीड बाळगू नका. चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही.

१. माझ्या हर्नियासाठी तुम्ही कुठली पद्धत निवडाल आणि का?
२. ही पद्धत तुम्ही किती वेळा केलीय? दुर्बिणीच्या हर्नियाला हात बसायला साधारण पन्नास ते शंभर ऑपरेशनं लागतात, असं मानलं जातं. सरावलेल्या हाताचं ओपन हे नवख्या हाताच्या दुर्बिणीपेक्षा कधीही बरं.
३. भूल कुठली? माझ्या बीपी-शुगरला ती चालेल का?
४. दुर्बिणीनं सुरू करून ओपन करावं लागलं तर? तसं करावं लागणं म्हणजे चूक नव्हे, पण आधी माहीत असावं.
५. जाळी कशानं अडकवणार? दुर्बिणीत बऱ्याचदा अडकवावी लागतच नाही. ज्या स्क्रूसारख्या पिना मारतात, त्यांचा खर्च बिलात वेगळा दिसतो.
६. शुद्धीवर येताना दुखू नये म्हणून आतच बधिर करण्याचं औषध सोडणार का?

पैशाची बोलणी यानंतर. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून करायचं असेल तर रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा आणि तुमचं ऑपरेशन कुठल्या पद्धतीनं बसतं ते आधी विचारा. दाखल झाल्यावर विचारून उपयोग नाही. आपल्याकडं कोल्हापुरात सीपीआरचा, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयाचाही पर्याय आहे.

पायरी ६: ऑपरेशनआधीची तयारी

तंबाखू, मिश्री, सिगरेट शक्य तितक्या आधी बंद करा. खोकला आणि बद्धकोष्ठ यांचा इलाज आधी करून घ्या, कारण ऑपरेशननंतर प्रत्येक खोकला आणि प्रत्येक कुंथणं जखमेवर पडतं. रात्री उठून लघवीला जावं लागतं का, धार बारीक झालीय का, हे डॉक्टरांना सांगा. नंतर लघवी अडकून नळी घालावी लागते ती बरेचदा यामुळे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका आणि चालूही ठेवू नका, विचारा.

जागेवरचे केस घरी ब्लेडनं काढू नका. बारीक कापलं जातं आणि जंतूंना दार उघडतं.

उपाशी राहणं: साधारण नियम म्हणजे जड खाणं बंद होऊन निदान सहा तास आणि नुसतं पाणी बंद होऊन दोन तास. भूलतज्ज्ञ जी वेळ सांगतील ती पाळा. घोटभर दुधाचा चहा म्हणजे पाणी नव्हे. आमच्या शेजाऱ्यांचं ऑपरेशन त्या एका कपापायी दुपारवर गेलं.

एक सराव आठवडाभर आधी सुरू करा: अंथरुणातून उठणं. थेट उताणं उठायचं नाही. कुशीवर वळा, पाय खाटेखाली सोडा, कोपर आणि हातावर जोर देऊन अंग वर घ्या. जमिनीवर झोपत असाल तर पंधरा दिवसांसाठी खाट मागून आणा. आणि उशाशी एक छोटी उशी ठेवा. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं की ती जांघेवर दाबून धरायची. दोन्ही वेळी मला सगळ्यात जास्त उपयोग या उशीचा झाला.

पायरी ७: वही ठेवा, नाहीतर आठवण फसवते

शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. रोज एकाच वेळी, सकाळची गोळी घेण्याआधी, तीन आकडे लिहा: पडून असताना, उठून बसताना, खोकताना. पुढं गोळ्या किती घेतल्या ते, आणि पायरी ४ मधलं कुठलं काम जमलं ते. माझ्या वहीतलं तिसऱ्या दिवसाचं पान असं आहे: "पडून १, उठताना ४, खोकताना ६. खांदा बराच कमी. गोळ्या ३. गॅलरीत दहा चकरा. शौचाला झाली एकदाची."

ही वही मी फक्त दुसऱ्या वेळी ठेवली. त्यामुळे "दुर्बिणीचं निम्मंच दुखतं" असं मी जे छातीठोक सांगायचो, त्यातली एक बाजू वहीतली होती आणि दुसरी सहा वर्षांपूर्वीच्या आठवणीतली. तसं सांगणं आता बंद केलंय.

दुसऱ्या कुणाशी तुलना करायचीच असेल तर सारख्या दिवसाचा सारखा आकडा लावा. त्याचा सातवा दिवस तर तुमचाही सातवा, त्याचं खोकतानाचं तर तुमचंही खोकतानाचं, आणि दोघांनी गोळी घेण्याआधीचं.

*गोळ्यांबाबत:* दुखायला लागल्यावर गोळी शोधू नका. पहिले दोन-तीन दिवस सांगितलेल्या वेळेला घ्या. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांत एकच पॅरासिटामॉल असू शकतं, पाकिटाच्या मागे वाचा. निरोगी मोठ्या माणसालाही दिवसाला चार ग्रॅमच्या वर ते चालत नाही. किडनी किंवा अल्सरचा त्रास असेल तर शेजाऱ्याची "लई भारी" पेनकिलर घेऊ नका.

*जेवणाबाबत:* तांबड्या रश्श्यानं टाके उसवत नाहीत. पण दुखण्याच्या काही गोळ्यांनी शौचाला कडक होतं आणि त्यावर मटण-भाकरीचं सलग जेवण म्हणजे कुंथायची सोय. पहिला आठवडा भाज्या, ताक आणि भरपूर पाणी.

पायरी ८: काय चालतं, काय चालत नाही

अंडकोशाभोवती निळं-जांभळं दिसणं दोन्ही पद्धतींत होतं, बहुधा ओसरतं. साधारण आठवड्यानं जुन्या जागीच मऊ फुगवटा दिसला तर "हर्निया परत आला" म्हणून गावभर करू नका. बऱ्याचदा ते नुसतं साठलेलं पाणी असतं, काही आठवड्यांत जिरतं. डॉक्टरांना दाखवा, पण बाहेर कुठं सुई घालून काढून घेऊ नका, त्यानं जंतू आत जाऊ शकतात.

त्याच दिवशी दवाखाना गाठायचा तो यासाठी: ताप, जखमेतून पू, घरी आल्यावर सहा-आठ तास लघवी न होणं, वाढत जाणारं पोट आणि उलट्या, एकाच पोटरीला सूज, अंडकोशात अचानक तीव्र कळ, श्वास लागणं.

वहीत आणखी तीन नोंदी करायच्या: चौदाव्या, तिसाव्या आणि नव्वदाव्या दिवशी. नव्वदाव्या दिवशी खोकतानाचा आकडा शून्य-एक असेल तर वही कपाटात ठेवा. चारच्या वर असेल, आग होत असेल, मांडीच्या आतल्या बाजूला बधिर वाटत असेल किंवा कपडा घासला तरी झिणझिण्या येत असतील, तर "जाळी मानवली नाही" असं ठरवून दुसरीकडं ती काढायला धावू नका. वही घेऊन आधी त्याच सर्जनकडं जा. नसेचं दुखणं असेल तर त्याच्या गोळ्या वेगळ्या असतात आणि तिथं नेमकं इंजेक्शनही देता येतं. कळ कुठून सुरू होते आणि कुठवर जाते, ते जाण्याआधी पेननं कातडीवरच आखून ठेवा. तपासणीच्या टेबलावर पडल्यावर नेमकी जागा बोटानं दाखवता येत नाही.